न ओळखलेली खिरापत

समुद्रपूरच्या एसटीत माझ्या सीटची खिडकी काही केल्या बंद होईना. ऑक्टोबरातला अवेळी पाऊस सरळ मांडीवर येत होता आणि मी त्या काचेशी कुस्ती खेळत होते.

"सरका जरा, मॅडम," कंडक्टर म्हणाली. वाकून तिने खांद्याने एक धक्का दिला आणि काच बसली. तिच्या खाकी बाहीवरचं पाणी माझ्या गालावर उडालं... तिने ते पाहिलं आणि हसू दाबत पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी त्याच सीटवर.

"आज तं पाऊस नाई. मंग हेच खराब खिडकी काऊन पाह्यजे?"

"बाहेरचं छान दिसतं इथून."

"बाहेर?" तिने तिकीट माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "पाहून राह्यली ना मी, तुम्ही किती बाहेर पाह्यता ते."

ती पौर्णिमा. वर्षभरात आम्ही वर्ध्याच्या नालवाडीत घरमालकीण सुमित्राकाकूंच्या वरच्या खोल्या भाड्याने घेतल्या. मी समुद्रपूरला कृषी खात्यात, ती वर्धा डेपोत. नोकरीवाल्या मैत्रिणी म्हणून गल्लीला आमचं कोण कौतुक! हातात हात घालून बाजारातून आलो तरी कुणाला वावगं वाटलं नाही.

मग काकूंनी माझ्यासाठी पुतण्याचं स्थळ आणलं. खोटं तरी किती दिवस बोलायचं? मी सरळ सांगितलं, "काकू, मी पौर्णिमासोबत आहे. लग्न झाल्यासारखीच."

दोन दिवसांत ते गल्लीभर झालं. तेच हात, तोच बाजार, पण आता दोरीवरचे आमचे कपडेसुद्धा लोकांना खुपू लागले. काकूंनी मला जिन्यात गाठलं. "कोर्टानं गुन्हा नाई म्हटलं म्हणून का गावभर सांगत सुटायचं? घरात पोरीबाळी हायेत आमच्या." याच पोरींना पौर्णिमा स्कूटी शिकवत होती, तेव्हा बरं चालत होतं. माझं डोकं फिरलं.

पौर्णिमा मात्र गल्लीत खाली बघून चालू लागली. एका सकाळी डबा भरताना म्हणाली, "तळेगाव डेपोले बदली मागून राह्यली मी. मी गेली का तुले कोणी बोलणार नाई."

"आणि मी काय करू? त्या पुतण्याशी लग्न?"

"तसं नाई गं..."

"मग कसं? आपण चूक काय केली, ते आधी सांग. मग खुशाल जा."

तिने डब्याचं झाकण दाबलं आणि ड्युटीवर निघाली. अर्ज सोमवारी द्यायचा होता.

रविवारी संध्याकाळी काकूंच्या अंगणात भुलाबाईची मूर्ती मांडून गाणी होती. घरटी एक खिरापत जाते, झाकलेल्या डब्यात. बायकांनी डबा वाजवून, वास घेऊन आतलं ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाहीत. यंदा आम्हाला बोलावणं नव्हतं. मी जवस भाजून कुटला, पौर्णिमाने लाडू वळले, आणि मी तिला ओढतच खाली नेलं.

गाणी झाली. एकेक डबा फिरला. चकली म्हण, शेव म्हण, नुसता गलका. मग मी आमचा डबा मध्ये ठेवला आणि अंगण चिडीचूप झालं. कुणी हातसुद्धा लावला नाही. शेजारच्या अन्नपूर्णाताई, ज्यांना कळा सुरू झाल्यावर पौर्णिमानेच दवाखान्यात पोचवलं होतं, त्याही भुलाबाईकडे टक लावून बसल्या. संतापाने माझे कान तापले... डोळे भरून येत होते, आणि ते मला यांना दाखवायचं नव्हतं.

"जवसाचे लाडू."

मागे पौर्णिमा उभी होती. इतके दिवस गल्लीतून मान खाली घालून चालणारी माझी पौर्णिमा.

"तू कशी सांगतं?" सुमित्राकाकू कडाडल्या. "घरच्याईनं ओळखायचं नसते."

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक पोरगी फिसकन हसली आणि काकूंनी जीभ चावली.

"बरोबर हाये, काकू," पौर्णिमा म्हणाली. मान ताठ होती. "मी हिच्या घरचीच आहो. चुकलंच माह्यं."

मी डबा उघडला. दोघी-तिघींनी लाडू घेतला, बाकीच्यांना एकदम घरची कामं आठवली. काकूंनी हात पुढे केला नाही. मीही कुणाचे आभार मानले नाहीत. माणसासारखं वागल्याबद्दल आभार कसले?

जिना चढताना मी विचारलं, "तळेगावचं काय?"

"मी कायले जाऊ? ज्याइले आपण खुपतो, त्याइनं जावं तळेगावले," ती म्हणाली, आणि काकूंच्या उघड्या खिडकीसमोर, भर उजेडात, तिने माझा हात धरला.