साऱ्या देशाची एकच घटका

मतदान संपायला थोडाच अवकाश उरला होता. नर्मदेच्या जलाशयाकाठच्या शाळेत केंद्राध्यक्ष म्हणून नेमलेल्या हेमलता वळवीबाई दारात उभ्या राहून पाण्याकडे पाहत होत्या. पलीकडच्या पाड्यावरचे मतदार घेऊन निघालेली होडी दिसत होती, पण हलत नव्हती. धरणाचं पाणी उतरलं होतं आणि ती काठापासून दूर गाळात रुतली होती.

पूर्वी वेळ संपली तरी रांगेतल्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र चालायचं, कुठे अडचण आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हाही उघडायचं. पण मागच्या निवडणुकीत पूर्वेकडची केंद्रं आधी मिटली, भाकीतयंत्रांनी त्यावरून अख्ख्या देशाचा निकाल वर्तवला, आणि पश्चिमेकडची माणसं ‘आता कशाला’ म्हणत घरीच बसली. म्हणून कायदा झाला. उपग्रहाचा इशारा आला की देशभरातली मतयंत्रं एका क्षणी मिटायची. याच शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात हा कायदा कौतुकाने समजावला होता.

“यंत्रच काठावर नेऊ या का?” त्यांनी विचारलं.

“बाई, त्याला जागा कळते,” उमेदवाराचा प्रतिनिधी दिलवर वसावे म्हणाला. “उंबरा ओलांडला की सकाळपासूनची सगळी मतं बाद.”

बाई काठाकडे धावल्या. “उतरा! चालत या!”

जुनं गाव बुडालं तेव्हा त्या पाड्याची नावं मतदारयादीतून गळाली होती. आता होडीत असलेल्या म्हाताऱ्या जमनीने तालुक्याला खेटे घालून ती पुन्हा चढवली. धरणाची उंची आणखी वाढवायची की नाही, हे नवं सरकार ठरवणार होतं. वाढली तर हा पाडाही पाण्याखाली जाणार होता.

लोकांनी गाळात उड्या टाकल्या. तरणे पुढे सुटले, काही शाळेत पोचलेही. जमनी मात्र कमरेपर्यंत रुतली. बाईंनी लुगड्यासकट तिला उपसून काढलं आणि जवळजवळ ओढतच आत आणलं.

ओळख पटवणाऱ्या पाटीवर तिने अंगठा टेकला. पाटीने तो घेतला नाही. बाईंनी पदराने चिखल पुसला. पुन्हा नकार. कष्टांनी अंगठ्याच्या रेषाच पुसट झाल्या होत्या.

“दाब, आजी, जोराने दाब!” दिलवर ओरडला. तिचं मत आपल्या उमेदवाराला नाही, हे त्याला ठाऊक होतं.

इशारा आला आणि मतयंत्राचा दिवा विझला.

दारात चिखलाने माखलेली माणसं धापा टाकत उभी होती.

जमनीने अंगठा उचलला नव्हता. आता पाटीला तो ओळखू आला. काचेवर तिचं नाव उमटलं आणि त्याखाली एक शब्द : गैरहजर.

जमनीला वाचता येत नव्हतं. आपल्या नावाचा तो उजेड पाहून तिचा चेहरा क्षणभर फुलला.

“बाई,” तिने विचारलं, “मी आले होते, असंच लिहिलंय ना?”