वरच्या खोलीतली झीज

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातली गोष्ट. बडोद्यात तेव्हा जो तो जुनी जमीन उखडून मार्बल बसवत होता. नागरवाड्यातल्या निरुपमाबाईंना मात्र लाकडी जमीनच दुरुस्त करून हवी होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी मानसिंगराव. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात तीस वर्षं सुतारकाम करून नुकताच घरी बसलो होतो. बाई निवृत्त शिक्षिका, विधवा, घरात एकट्या. मुलगी इरा पहिल्या बाळंतपणाला येणार होती, तिच्यासाठी वरची खोली नीट करायची होती.

सागाच्या रुंद फळ्या होत्या. पण दारापासून खिडकीपर्यंत एक पट्टा चांगला बोटभर झिजलेला, खिडकीशी वळून पुन्हा दाराकडे आलेला. हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत.

"इथे काय ओढायचे, बाई?"

"काही नाही. जुनं घर आहे," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत रंधा मारला. जेवून भिंतीला टेकलो, पंख्याच्या घरघरीत डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं, आणि पाय असे भरून आले होते, की जणू डाकोरच्या यात्रेला चालत जाऊन आलोय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला घरचा जिना चढवेना. सून म्हणाली, "बाबा, वय झालं. आता बस करा ना." मलाही ते पटत होतं. पण हातातलं काम अर्ध्यात टाकायची सवय नव्हती.

चौथ्या दुपारी कुणीतरी माझा दंड धरून हलवत होतं. निरुपमाबाई. दाराशी ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"थांबा आता... बसा," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मी खिडकीशी उभा होतो.

"मी... झोपलो होतो, बाई."

"नाही. दोन तास चालताय. किती हाका मारल्या..."

खाली पाहिलं. पट्ट्यावर पसरलेल्या भुशात पावलं होती. एकावर एक, दाट. माझ्या उजव्या पायाचं दुसरं बोट जन्मापासून आखूड आहे. ते प्रत्येक ठशात दिसत होतं.

मी मटकन खाली बसलो. बाईही उंबऱ्यावर टेकल्या.

"माझ्या नवऱ्याची आत्या," मग त्या म्हणाल्या. "विजयमाला. डोकं बरं नाही म्हणून तिला या खोलीत कोंडलं होतं. बावीस वर्षं. दिवसभर चालायची. खाली आम्हाला पावलं ऐकू यायची... सवय झाली होती. मी नवी सून. ताट दाराशी ठेवायचे, कडी लावायचे. एकदाही आत जाऊन 'बसा हो आत्या' म्हटलं नाही."

त्यांचा आवाज रडका नव्हता. नुसता थकलेला होता.

"बाई, पोरीला इथे झोपवू नका," मी म्हणालो.

काम तसंच सोडलं. रंधासुद्धा आणायला गेलो नाही. त्यांनी खोलीला कुलूप घातलं. इराचं बाळंतपण खालच्या माजघरात झालं. ऑगस्टमध्ये मुलगी झाली. इरा वरची पायरीसुद्धा चढली नव्हती, असं बाई फोनवर म्हणाल्या. मला बरं वाटलं. पाय हळूहळू हलके झाले.

फेब्रुवारीत खंडेराव मार्केटपाशी दोघी मायलेकी भेटल्या. बाळ इराच्या खांद्यावर गाढ झोपलेलं.

"गुणी दिसते," मी म्हणालो.

"गुणीच आहे. नुसती झोपते," इरा हसली. "दमल्यासारखी."

निरुपमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाळाचा एक मोजा ओढून काढला.

सहा महिन्यांची पोर, अजून बसताही येत नव्हतं. पायाची टाच मात्र जाड, पिवळट पडलेली आणि आडव्या-उभ्या भेगांनी फाटलेली होती.