ब्रेनसेचे दुसरे मत

मोर्ना बीटन निवडणूक हरली, तेव्हा तिच्या बेटावरल्या लोकांनी चर्चच्या पायरीवर तिच्याकडे पाठ फिरवली. दोन आठवडे झाले, ती पाठ अजून वळलेली नव्हती. ब्रेनसेचे लोक देवभीरू. ते शिव्या देत नाहीत, नुसते ओळखेनासे होतात.

"दुकानात गेले, तर इनाने पाव कपाटात ठेवला आणि म्हणाली, संपला," मोर्ना सांगत होती. "काच आहे हो त्या कपाटाला!"

इन्व्हरनेसच्या त्या थंड कचेरीत उना गॅलब्रेथ हे ऐकत होती. एके काळी ती महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवीत असे. माणसे आकड्यांहून जास्त खोटे बोलतात, हे कळल्यावर तिने खाजगी तपासाचा धंदा धरला. कोपऱ्यात टलॉक बसला होता. पंचवीस वर्षे पोलिसात काढूनही त्याचा माणसांवर विश्वास होता, म्हणूनच तो हवालदाराच्या पुढे कधी गेला नाही.

मोर्नाने एक कागद पुढे केला. मतदानाच्या तीन दिवस आधी मतदारसंघातल्या नव्वद लोकांना टपालाने आलेली ही छायाप्रत. पाठवणाऱ्याचे नाव नाही. मजकूर असा, की ब्रेनसेला हिवाळ्यात आठवड्यातून एकच बोट पुरे. खाली मोर्नाची सही. आणि त्याखाली वेगळ्या टंकात एक ओळ: 'किनारा पक्ष तुमचाच आहे, ही बाई तुमची नाही.'

"पत्र माझंच," मोर्ना म्हणाली. "पण हे पहिलं पान. त्यात सरकारचं म्हणणं मांडलंय. दुसऱ्या पानावर ते मी खोडून काढलंय, आणि सही त्या पानावरची आहे. कुणीतरी कापून इथे चिकटवली. मी सगळ्यांना दुसरं पान दाखवत फिरले, तर म्हणतात, हे आज बसून लिहिलंस."

"किती मतांनी हरलात?"

"एक्केचाळीस."

"मूळ पत्र कुणाकुणाकडे होतं?"

"तिघांकडे. माझा प्रचारप्रमुख इअन ड्रेव्हर. डॉक्टर स्ट्रोनाख, आमच्या किनारा पक्षाच्या विभागीय यादीत पहिले. ते निवडून आले. आणि बोटसमितीवर आहे म्हणून हेक्टर लामॉन्ट."

"म्हणजे ज्याने तुम्हाला हरवलं तो," टलॉक लगेच म्हणाला. त्याच्या मते प्रकरण संपले होते.

"यादीत दुसरं नाव कुणाचं?" गॅलब्रेथने विचारले.

"माझंच. मी मतदारसंघात जिंकले असते, तर यादीतून आपोआप गळलं असतं." मोर्ना थांबली. "डॉक्टर तेवढे माणसासारखे वागले. निकालानंतर तिसऱ्याच दिवशी घरी आले. म्हणाले, पोरी, लोक चिडलेत, पक्षाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दे, वर्षभराने परत घेऊ. मसुदासुद्धा लिहून आणला होता. तब्येतीचं कारण घातलं होतं."

"सही केलीत?"

"बाबांनी तो कागद चुलीत घातला. म्हणाले, बीटनांची तब्येत उत्तम असते."

गॅलब्रेथ पहिल्यांदाच हसली. "मला काय शोधायला सांगताय? खुर्ची?"

"खुर्ची गेली खड्ड्यात. बाबा ऐंशीचे आहेत. रविवारी त्यांच्या बाकावर कुणी बसत नाही. तेवढं मला परत हवंय."

*

हेक्टर लामॉन्टने त्यांना दारातच उभे ठेवले.

"मी केलं म्हणता?" तो गुरगुरला. "अहो, हा कागद माझ्या हाती असता, तर मी नव्वद लोकांना कशाला पाठवीन? नऊ हजार छापले असते! मेंढरांच्या पाठीवर चिकटवले असते!"

"मूळ पत्र तुमच्याकडे होतं."

"समितीचे कागद मी वाचतो असं वाटतं तुम्हाला? आणि ती खालची ओळ बघा. किनारा पक्ष तुमचाच आहे, म्हणे! त्या पक्षाचं नाव घेताना माझी जीभ भाजते. चला, निघा."

दार आपटले. "खोटं बोलतोय," टलॉक म्हणाला.

"छे. तो इतका दुष्ट आहे की खरं बोलायला त्याला काहीच वाटत नाही."

इअन ड्रेव्हर पक्षाच्या खोलीत फलक मोडीत होता, आणि मोर्नाचा चेहरा असलेला फलक तो जरा जास्तच जोराने मोडीत होता.

"भांडण होतं आमचं," तो म्हणाला. "चारचौघांत मला बैल म्हणाली होती. पण तिच्यासाठी सहा महिने चपला झिजवल्यात मी. हे बघा तक्ते."

घराघरातल्या प्रत्येक मतदाराचे नाव आणि पुढे एकच रकाना: मोर्नाला मत देणार की नाही. ज्यांना पाकिटे आली त्या नव्वदही जणांपुढे 'देणार' अशी खूण होती.

"पण 'देणार' अशा खुणा दोन-तीन हजार आहेत," गॅलब्रेथ म्हणाली. "त्यातले हे नव्वदच का? आणि दुसरं मत? केशरट कागदावरचं?"

"यादीचं? त्याचा आमच्याशी संबंध नाही. जांभळी मतपत्रिका माझी, केशरट डॉक्टरांची. ते एकटेच दारोदार फिरायचे, स्वतःची वही घेऊन. वही कुणाला दाखवायचे नाहीत."

बोटीवर टलॉकने तक्रार केली. "बाई, मी जन्मभर दोन मतं देत आलोय. पण दुसरं कशाला असतं, देव जाणे."

"पहिल्याने तुमच्या भागाचा माणूस निवडायचा, टलॉक. दुसऱ्याने अख्ख्या विभागात एका पक्षाची यादी. पहिल्यात ज्याला कमी मिळालं, त्याची भरपाई दुसऱ्यात होते. भरपाई हा शब्द लक्षात ठेवा. जो उपाशी राहिला, त्यालाच वाढतात."

*

ब्रेनसेवर पाकिटे एकोणीस. गॅलब्रेथ एकोणीसही दारांत गेली, आणि प्रत्येक दारात तिने एकच उद्धट प्रश्न विचारला: मोर्नाला पहिले मत द्यायचे ठरवले होतेत, तेव्हा दुसरे कुणाला देणार होतात?

"मच्छीमार संघाला," दुकानातली इना म्हणाली. "बाई चांगली वाटली म्हणून पहिलं तिला. पक्षाशी माझं काय लग्न लागलंय?"

जो तो तेच म्हणत होता: पहिले मोर्नाला, दुसरे भलत्यालाच. अठरा दारे, अठरा वेळा. टलॉकला कंटाळा आला.

एकोणिसावे दार मॅकफेल बहिणींचे. थोरली पेगी, धाकटी क्रिसी. दोघी मिळून एकशे साठ वर्षांच्या. पाकीट पेगीच्या नावाने आले होते. क्रिसीला आले नव्हते.

"एकाच घरात?" टलॉक म्हणाला. "मग दोघींची मतं वेगळी असणार."

"वेगळी?" क्रिसी चहाची किटली घेऊन उभीच राहिली. "चाळीस वर्षं दोघीही किनारा पक्षाच्या. आमचा भाऊ संस्थापक होता त्याचा!" आणि ती किटली भरायला आत गेली.

"तुमच्या दारात मतं विचारायला कोण आलं होतं?"

"इअन आला. त्याला म्हटलं, दोघींचीही मोर्नाला, पळ," पेगी म्हणाली. "मग एके शनिवारी तो डॉक्टर. क्रिसी मागे कोंबड्यांत होती. तिथे जाऊन तिला विचारून आला, मग मला दारात विचारतो, दुसरं मत आम्हालाच ना, आजीबाई? आजीबाई! मी म्हटलं, तुला? तुझ्यापेक्षा मच्छीमारांना देईन, त्यांच्या हाताला निदान मासळीचा वास तरी येतो. असा चेहरा पडला मेल्याचा!"

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? क्रिसीने ऐकलं असतं, तर माझं जेवण बंद केलं असतं."

"आणि खरंच मच्छीमारांना दिलंत?"

पेगीने ओटकेकवर लोणी फासले. "मत गुप्त असतं, बाई. तुम्ही शिकलेल्या दिसता."

बाहेर आल्यावर गॅलब्रेथ कुंपणाला टेकून उभी राहिली.

"टलॉक, उद्या डॉक्टरांचा सत्कार आहे ना?"

*

ब्रेनसेच्या सभागृहात चहा उकळत होता. नवे आमदार डॉ. रूअरी स्ट्रोनाख नम्रपणे सत्कार सोसत होते. शंभर माणसे बसली होती. मोर्ना आणि तिचे वडील शेवटच्या बाकावर; त्यांच्या आजूबाजूचे दोन बाक रिकामे.

गॅलब्रेथ उठली. "डॉक्टर, एक हिशेब सोडवून द्याल? अख्ख्या विभागात तुमच्या यादीला एकवीस हजार मतं पडली. शेवटची, सातवी जागा तुम्हाला जेमतेम मिळाली. मोर्ना बीटन इथे जिंकली असती तर?"

"तर पक्षाला आनंद झाला असता."

"झाला असता. पण जिंकलेल्या जागेपोटी यादीची मतं निम्मी धरतात. साडेदहा हजार. सातवी जागा दुसऱ्या पक्षाला गेली असती. पक्षाची जागा एकच राहिली असती, फक्त तिच्यावर बसणारा माणूस बदलला असता. तिला पाडल्यावाचून तुम्हाला वर चढता येत नव्हतं."

सभागृहात बाक करकरले.

"हा गणिताचा तास आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "पुरावा नव्हे."

"तर पुढचा तास घेऊ. पाकीट पाठवणाऱ्याला बाईची मतं घटवायची होती, पण पक्षाची नव्हे. म्हणून खाली ती ओळ लिहिली. शत्रूने नऊ हजार छापली असती. याने नव्वदच पाठवली, आणि तीही पहिलं मत मोर्नाला, दुसरं भलत्याला देणाऱ्यांनाच. ज्यांची दोन्ही मतं पक्षाला, त्यांना हात लावला नाही. माणूस चिडला की दोन्ही कागदांवर चिडतो, हे त्याला ठाऊक होतं. इअनच्या तक्त्यात दुसऱ्या मताचा रकानाच नाही, आणि लामॉन्टकडे तुमचे तक्ते नाहीत. रकाना एकाच वहीत होता."

"कर्मधर्मसंयोग."

"आणि तीन दिवसांत राजीनाम्याचा मसुदा? यादीतला माणूस गेला, तर पोटनिवडणूक होत नाही. पुढचं नाव वर येतं, पण ते पक्षात असलं तरच. पाय घसरलाच, तर खाली ती उभी नको होती."

"तुमचा तर्क फसलाय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "ते पाकीट पक्षाच्या लोकांनाही आलं."

"एकोणिसांपैकी एकच अपवाद आहे खरा. पेगी मॅकफेल. चाळीस वर्षं दोन्ही मतं किनारा पक्षाला. अख्खं बेट हे जाणतं. त्यांना पाकीट जाणं, हा माझ्या तर्कातला दोष, नाहीतर तुमच्या वहीतली घोडचूक."

"कसली घोडचूक! अख्ख्या बेटाला काय माहीत?" डॉक्टर ताडकन म्हणाले. "मला तोंडावर म्हणाली ही बाई, दुसरं मत मच्छीमारांना देणार म्हणून!"

"तुम्हाला," गॅलब्रेथ म्हणाली. "एकट्याला. दारात. तिच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा ठाऊक नाही."

क्रिसीने वळून पेगीकडे पाहिले. डॉक्टर दाराकडे वळले. इअन ड्रेव्हरने उठून दाराला पाठ लावली.

"मसुद्याची प्रत असेलच तुमच्याकडे," गॅलब्रेथ म्हणाली. "तब्येतीचं कारण चांगलं आहे. 'सदस्यत्व' खोडून 'आमदारकी' लिहा आणि खाली नाव बदला. नाहीतर कापलेल्या सहीवर न्यायाधीशांपुढे बोलू."

डॉक्टरांनी खिशात हात घातला. प्रत खरेच होती. आजही ते ती मोर्नासाठी घेऊन आले होते.

पेगी काठी टेकत उठली. "मेल्या," ती म्हणाली, "चेष्टा होती रे ती. दुसरं मत मी तुलाच दिलं. भावाच्या पक्षाला नाही देणार, तर कुणाला?"

मग ती शेवटच्या बाकाकडे वळली. तिचा आवाज उतरला. "आणि पहिलं... पहिलं तुला द्यायचं होतं, मोर्ना. ते पत्र वाचलं आणि लामॉन्टला दिलं. आयुष्यात पहिल्यांदा."

टलॉकने गॅलब्रेथकडे पाहिले. एकोणीस पाकिटांतले एकच चुकून गेले होते, आणि तेच सर्वांत चोख बसले होते.

"ठाऊक होतं मला, पेगीआत्या," मोर्ना म्हणाली. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. दोन आठवडे दाखवून दाखवून त्याच्या घड्या फाटल्या होत्या. "दुसरं पान. वाचाल?"

पेगीने चष्मा चढवला. मनात वाचायला घेतले, थांबली, आणि मग मोठ्याने, अगदी पहिल्या ओळीपासून वाचू लागली. धक्क्यावर बोटीने भोंगा दिला. इन्व्हरनेसला जाणारे सहा जण होते. कुणी उठले नाही. इना दुकानदारीण मात्र उठली, मान खाली घालून मागे गेली, आणि म्हाताऱ्या बीटनच्या बाकावर, त्याच्या शेजारी, बसली.

म्हाताऱ्याने तिला जागा करून दिली. तिच्याकडे पाहिले मात्र नाही.