लूशसच्या उशाशी निळा कप

झेंडे लावायचं काम तसं तासाभराचं. मे महिना सरत आला की ओझेला कागदी झेंड्यांची जुडी घेऊन सैनिकांच्या थडग्यांकडे जायची, गवत उपटायची, मेलेल्यांशी चार गप्पा मारायची आणि उन्हं कलायच्या आत घरी परतायची.

गावची मोठी दफनभूमी चराच्या पलीकडे होती. तिथे काळ्या माणसाला जागा नव्हती. गुलामीतून पळून जाऊन अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचा निळा गणवेश चढवलेल्यांना नव्हती, आणि शंभर वर्षांनी व्हिएतनामहून पेटीतून परतलेल्या तिच्या थोरल्या भावाला, लूशसलाही नव्हती. देशासाठी मरायला चालला, पुरायला चालला नाही. ओझेलाच्या मनातला तो संताप अजून गेला नव्हता.

चराच्या अलीकडे, देवदारांच्या सावलीत, हे सगळे एका रांगेत झोपले होते. प्रत्येकाच्या उशाशी एक कप. तो शेवटचा ज्यातून प्यायला तोच, फोडून ठेवलेला. फोडला की साखळी तुटते, घरातल्या दुसऱ्या कुणाला बोलावणं येत नाही.

लूशसच्या उशाशी आज दोन कप होते. एक त्याचा, फुटका. दुसरा निळा, कानाशी टवका उडालेला पण अख्खा.

ओझेलाने तो लगेच ओळखला. कप केझायाचा होता, तिच्या नातीचा. पोरगी उद्या पहाटे युद्धावर निघणार होती.

"रूफस!"

चर्चचा म्हातारा रखवालदार रूफस फाटकाशी गवत कापत होता. तो हसत हसत आला. "काय गं, झेंडा उलटा लावलास की काय?" मग त्याला कप दिसला आणि त्याचं हसू मावळलं.

"पोरीनं माझ्या भावाला मान दिला असेल," ओझेला म्हणाली. "शहरात वाढलेली ती. अर्धवट ऐकलं, अर्धवट केलं. घरी नेऊ का?"

"हात लावू नकोस! थडग्यावरचं उचललं की मेलेला मागोमाग घरी येतो."

"मग असाच राहू दे?"

"अख्खा? मग साखळी..."

"फोडू?"

"जित्या पोरीचा कप थडग्यावर फोडायचा? अगं, म्हणजे तिला आजच..." त्याने टोपी काढली. "थांब इथंच. पाद्रीबाबांना घेऊन येतो."

तो गेला. देवदारांच्या सावल्या लांबत चरापर्यंत पोचल्या. रातकिडे नुकते सुरू झाले होते, ते एकदम थांबले. वारा नव्हता, तरी कॉफीचा वास आला. ओझेला वाकली. कप काठोकाठ भरलेला होता आणि त्यातून वाफ निघत होती.

"लूशस... भावड्या, तिला नको रे."

कप हलला. त्याच्या बुडाखालची माती भुसभुशीत झाली आणि तो हळूहळू आत जायला लागला. सांडत नव्हता. कुणीतरी खालून अलगद धरल्यासारखा सरळ जात होता.

पाद्रीबाबांची वाट बघायला वेळ उरला नव्हता. कप शेवटचा घोट घेणाऱ्याचा, एवढंच तिला आठवलं. ती थडग्यावर पालथी पडली, कप न उचलता काठाला ओठ लावले आणि मोठा घोट घेतला. मग शेजारचा दगड उचलून कपावर घातला. निळ्या चिनी मातीचे तुकडे झाले. त्याबरोबर रांगेतले सगळे फुटके कप एकामागून एक किणकिणले, पार शेवटच्या थडग्यापर्यंत.

माती हलायची थांबली. ओझेला रडत होती, पण सुटल्यासारखं वाटून. आता तो कप तिचा होता.

घरी केझाया गणवेशाला इस्त्री करत होती.

"आज्जी, अंगभर माती? मेलेल्यांशी कुस्ती खेळलीस का?"

"कप तू ठेवलास ना?"

"हो, सकाळी. चिडलीस?"

"नाही गं बाळा. पण एवढा भरलेला..."

"भरलेला?" केझाया हसली. "मी कधी थेंब तरी सोडते का? रिकामा होता. पालथा ठेवला होता मी."

ओझेला खुर्चीत बसली. जिभेवर चव अजून होती. भरपूर दूध आणि वर काकवी. लहानपणी तशी कॉफी लूशस करायचा, फक्त तिच्यासाठी, तिला बरोबर घेऊन कुठे निघायचं असलं की.