न वाजलेला भोंगा

अगं, त्या खुर्चीवर नको बसूस. इकडे पलंगावर बस. पिशवीसुद्धा तिच्यावर नको, खाली ठेव. दुसरीवर बसलीस तरी चालेल, ती मोकळी आहे. तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल की मावशीच्या घरात स्टेडियममधल्या दोन जुन्या खुर्च्या आहेत आणि हल्ली मावशीचं डोकं ठिकाणावर नाही. खुर्च्यांचं खरं आहे. डोक्याचं तू सगळं ऐकून ठरव. तो दिवा जरा अलीकडे ओढ, मला एवढी शिवण संपवायची आहे.

तुझे काका हॉकीवेडे होते हे तू लहानपणापासून बघितलंस. बर्फावरची हॉकी. आपल्या गावाचा स्वतःचा संघ होता, पगारी खेळाडूंचा, आणि थंडीभर दर शनिवारी संध्याकाळी सामना असायचा. आमचं लग्न झालं त्याच वर्षी ह्यांनी स्टेडियमात कायमच्या दोन खुर्च्या घेतल्या. एक ह्यांची, एक माझी. मी तेव्हाच सांगून टाकलं, कुडकुडत बसून पोरांच्या मारामाऱ्या बघायची मला हौस नाही. मला वाटलं, दुसरी सोडून देतील. पण छे! माझ्या खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून हे अंगातला कोट काढून तिच्यावर ठेवायचे आणि स्वतः त्या गारठ्यात नुसत्या स्वेटरवर बसायचे. कोणी विचारलं, ही जागा मोकळी आहे का, तर म्हणायचे, "नाही, येतेय ती." मी एकदाही गेले नाही आणि ह्यांनी एकदाही दुसरं उत्तर दिलं नाही.

मी चिडायचे. हॉकी म्हणजे माझी सवत, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. कारण एकदा बसले की हे सामना संपल्याचा शेवटचा भोंगा वाजेपर्यंत उठायचे नाहीत. मग घरी पाहुणे येवोत नाहीतर आभाळ कोसळो. माझी लेक, तुझी ताई, जन्मली त्या संध्याकाळी दवाखान्यातून निरोप पोचला होता, तरी हे भोंगा झाल्यावरच आले. धावत आले, धाप लागलेली, डोळे भरलेले, सगळं खरं. पण भोंग्यानंतर. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते मी कधी विसरले नाही आणि ह्यांनाही विसरू दिलं नाही.

मग मालकाने संघ उचलला आणि मोठ्या शहरात नेला. गावात सुतकच पडलं. शेवटच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. अखेरची मिनिटं आली तशी सगळी माणसं भोंग्याच्या खोलीकडे तोंड करून ओरडायला लागली, भोंगा वाजवू नका. भोंगा ज्यांच्या हातात होता त्या गृहस्थांना अख्खं गाव भोंगेवाले भाऊ म्हणायचं. त्यांनी हात मागे घेतला. घड्याळ शून्यावर आलं, खेळाडू आत गेले, दिवे मालवले, पण भोंगा काही वाजला नाही. त्या दिवशी तुझे काका आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याविना घरी आले. जेवताना मला म्हणाले, "सामना संपलेला नाही. आम्ही संपू दिलाच नाही." मी हसले. म्हातारी माणसं आणि पोरांचे हट्ट, असं वाटलं मला.

त्यानंतर ती सगळी माणसं पांगली. काहीजण बस ठरवून त्या मोठ्या शहरात सामने बघायला जायला लागले, आपलेच खेळाडू दुसऱ्या रंगाच्या कपड्यांत. हे एकदाच गेले. परत आले ते जेवलेसुद्धा नाहीत. सगळं तेच आहे, पण तिथे आपण पाहुणे आहोत, एवढंच बोलले. इथे कारखान्यातली मुलं हौसेने खेळायची, त्यांच्या सामन्याला इनमीन चार डोकी. शेवटी बर्फ करायचं यंत्रही बंद पडलं आणि स्टेडियमला कुलूप लागलं.

तरी शनिवार आला की हे कोट चढवून निघायचेच. मी विचारलं नाही. वाटलं, बसत असतील कुठेतरी चहा पीत, दुःख उगाळत. पण घरी आल्यावर कोट खुंटीला लावायला घेतला की हाताला गार लागायचा. ओली लोकर, लोखंड आणि बर्फ, असा वास. बर्फ तर केव्हाच वितळून गटारात गेला होता.

शनिवारी हे कुठे जायचे, ते मला हे वारल्यावर कळलं. भोंगेवाले भाऊच त्या बंद स्टेडियमचे रखवालदार झाले होते. ते मागचं दार उघडायचे आणि ही चार माणसं आत जाऊन अंधारात आपापल्या जागी बसायची. घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, बेकरीवाली म्हातारी, शाळेतले चित्रकलेचे सर आणि आमचे हे. खाली नुसती कोरडी फरशी. तिच्याकडे बघत बसायचे आणि वेळ झाली की उठून घरी जायचे. मग एकेकजण जायला लागला. आधी घड्याळवाले, मग म्हातारी, मग सर. गेल्या हिवाळ्यात हेही गेले, छातीच्या दुखण्याने. तो कोट त्यांच्या अंगावर घालूनच मी त्यांना निरोप दिला. बटणं मी माझ्या हाताने लावली. त्याच्या अस्तराला उजव्या बगलेत मी घातलेलं ठिगळ होतं. तेवढं नीट बसलंय ना, हे मी त्या वेळीसुद्धा बघितलं. शिवणाऱ्या बाईचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही.

वर्ष होत आलं आणि भाऊंचा फोन आला. इमारत सोमवारपासून पाडणार आहेत, ज्यांच्या खुर्च्या त्यांनी घेऊन जाव्यात. मी शनिवारी दुपारीच गेले. म्हटलं, उजेडात काम उरकेल. हातगाडीवाल्याला दाराशी थांबवलं आणि भाऊंच्या मागून आत शिरले.

उजेड कसला! त्या इमारतीला खिडकीच नाही. मागचं दार लागलं आणि दुपार बाहेरच राहिली. वीज कधीच तोडलेली. भाऊंची बॅटरी पुढे आणि तिच्यामागे मी, भिंतीला हात लावत. भिंत ओलसर. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आणि मग नाकाला तो वास आला. खुंटीवरच्या कोटाचा वास. मला रडूच फुटलं असतं, पण भाऊ बरोबर होते.

त्या खुर्च्यांच्या बैठकीला स्प्रिंग असते. माणूस बसला की बैठक खाली, उठला की आपोआप वर. भाऊंनी बॅटरी फिरवली. रांगाच्या रांगा, सगळ्या बैठका वर, पाठीला चिकटलेल्या. पण मध्येच एक खाली होती. पलीकडच्या कोपऱ्यात आणखी एक. दाराजवळ एक. आणि आमच्या समोर, ह्यांची.

"तुमची खुर्ची निघेल, वहिनी," भाऊ अगदी हळू बोलत होते. "दादांची निघत नाही. बैठक वर गेल्याशिवाय खालच्या बोल्टला पाना लागत नाही... आणि ती वर जातच नाही. तेल घातलं, जोर लावला. त्या तिघांच्याही तशाच."

कोणाच्या, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बेकरीवाली म्हातारी दाराजवळ बसायची, गुडघे दुखायचे म्हणून. एवढं हे घरी बोलले होते.

मी त्या खाली असलेल्या बैठकीकडे बघत उभी राहिले. भीती वाटली का म्हणशील, तर वाटली. पण त्याहून ह्यांची काळजी वाटली. परवा यंत्रं येणार, छप्पर खाली येणार. आणि हे इथे, अंगात तो जुना स्वेटर. भोंगा वाजल्याशिवाय हे उठणार नाहीत. मी ओळखते ना माझ्या माणसाला. सगळ्या गावाने मिळून सामना संपू दिला नाही आणि मग सगळे आपापल्या घरी निघून गेले. अडकली ती ही चौघं.

मी विचारलं, "भाऊ, तो भोंगा आहे अजून?"

"आहे. विजेवरचा गेला, पण जुना आहे, हाताने फिरवायचा." मग बॅटरी खाली केली. "पण वहिनी... लोकांना शब्द दिलाय मी."

"कुठे आहेत लोक?"

भाऊंनी बॅटरी परत फिरवली. कोपऱ्यातली खुर्ची. मधली. दाराजवळची. ह्यांची.

"मग यांना मी विचारते," मी म्हटलं. "तुम्ही वर जा."

बॅटरी त्यांना जिना चढायला हवी होती. तिचा उजेड लांब गेला, जिन्याच्या वळणावर गेला, आणि मग डोळ्यांपुढे काहीच उरलं नाही. मी चाचपत माझी बैठक खाली ओढली. इतक्या वर्षांत तिच्यावर कोणी बसलंच नव्हतं, स्प्रिंग अशी कडक की दोन्ही हातांनी दाबावी लागली. आणि बसले. ह्यांच्या शेजारी, माझ्या जागेवर.

आधी पायांना गार लागलं. तळव्यांतून वर, हळूहळू. मग खालून, फरशीवरून, एक आवाज. सरसर... थांबून परत सरसर... कात्रीने जाड कापड कापताना येतो तसा. पाणी ठिबकायचं थांबलं होतं. माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी श्वास आत ओढला आणि रोखून धरला. गोल व्हायच्या बेताला आला की हे तसाच धरायचे, घरी रेडिओवर ऐकतानासुद्धा.

मी मान वळवली नाही. माझी हिंमत झाली नाही.

मग माझ्या गुडघ्यांवर काहीतरी पडलं. जड, ओलसर. कोणी अंगावर पांघरूण घालावं तसं अलगद. मी हात लावला. लोकर होती. हात आपोआप आत गेला, अस्तराकडे, उजव्या बगलेत. तिथे ठिगळ होतं. माझ्या हाताचा टाका मला अंधारातही कळतो. दाट, जरासा तिरका.

किती वर्षं वाट बघायला लावली मी ह्यांना. आणि ह्यांनी मला. दोघंही हट्टी. मी म्हटलं, "अहो... आले मी. चला आता घरी. जेवण निवतंय."

वर खोलीत लोखंड करकरलं. भोंगा आधी नुसता घरघरला, मग चढत गेला, चढत गेला, आणि त्या रिकाम्या इमारतीत असा घुमला की खुर्चीचे हात थरथरायला लागले. मी डोळे गच्च मिटले. भाऊ फिरवतच होते, जणू त्या राहिलेल्या भोंग्याची सगळी वर्षं एकदम वाजवून टाकायची होती. मग आवाज उतरत उतरत बसला.

आणि कोपऱ्यातून आलं, खट.

थोड्या वेळाने मधून, खट. दाराजवळ जरा उशीर झाला. म्हातारीचे गुडघे. मग तिथूनही, खट.

माझ्या शेजारी काहीच नाही. मी ऐकत राहिले. माझ्या खांद्यावर क्षणभर वजन आलं, रांगेतून बाहेर पडणारा माणूस आधाराला हात ठेवतो तेवढंच. आणि माझ्या अगदी कानाशी, खट. मांडीवर काही उरलं नव्हतं. तेव्हा मात्र मी हमसून रडले. हे गेले त्या दिवशी रडले नव्हते इतकी.

भाऊ खाली आले तेव्हा तेही डोळे पुसत होते. ह्यांच्या खुर्चीला पाना लावला, बोल्ट लोण्यासारखे निघाले. मी उठून बाजूला झाले आणि ते माझ्या खुर्चीकडे वळले. मग थांबले. बॅटरी माझ्यावर धरली, खुर्चीवर धरली.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही उठलात ना?"

मी त्यांच्यासमोर उभी होते. माझी बैठक खालीच होती. ती नवीकोरी, कडक स्प्रिंग, जी दाबायला मला दोन हात लागले होते. भाऊंनी ओढून पाहिली, तेल घातलं, गुडघा लावला. शेवटी बोल्ट करवतीने कापून खुर्ची तशीच बाहेर काढली. हातगाडीवाला म्हणाला, ही एक फार जड लागतेय.

तेव्हापासून दोन्ही इथे आहेत. ह्यांची बघ, बैठक वर, शहाण्यासारखी. माझी खाली. लोहाराला दाखवून झालं, स्प्रिंगमध्ये काही दोष नाही म्हणतो.

तुझ्या आईला वाटतं, मी एकटी राहून भ्रमिष्ट झालेय. मला तसं वाटत नाही. भोंगा वाजला, सामना संपला, हे उठले. ते माझ्या कानांनी ऐकलंय. पण जिथे गेले तिथेही काहीतरी सुरू झालं असणार, आणि कोणीतरी विचारलं असणार, ही शेजारची जागा मोकळी आहे का? ह्यांनी काय उत्तर दिलं असेल, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी तिच्यावर बसत नाही. ही शिवणं हातावेगळी व्हायची आहेत, तुझ्या ताईचं बाळ बघायचंय. अजून थोडं थांबा, असं मी रोज सांगते.

तुझा विश्वास बसत नाहीये, दिसतंय मला. दिवा उचल आणि जा तिच्याजवळ. एरवी नुसतं लाकूड आहे, पण आज शनिवार आहे. बैठकीवर हात ठेव... हळू. गार लागलं ना? आता जरा आत, उजवीकडे...

ठिगळ लागलं का?