खाऱ्या माळावरचं गवत

१९४८चा उन्हाळा. येडशीच्या डोंगरात एका पळसाखाली बसून जगदेवी लेकीला दुधात कुस्करलेली भाकर भरवत होती. गंगी वर्षाची. गावावर हत्यारबंद टोळी चालून येतेय असं कळलं, तसं नवऱ्यानं, सिद्धलिंगनं, दोघींना घेऊन पहाटेच तेर सोडलं होतं. डोंगर उतरला की निजामाची हद्द संपणार होती. पलीकडं बार्शीच्या बाजूला निर्वासितांची छावणी होती.

पळसाच्या पुढं माळ लागला. माती पांढरट, खारी. तिथं कुसळसुद्धा धरत नसे. यायचं ते एकच गवत, दुसरीकडं कुठं न दिसणारं. सगळा डोंगर करपला होता आणि ते गुडघाभर, हिरवंगार उभं होतं. गुरं त्याला तोंड लावत नसत.

माळाच्या मध्यावर आले आणि मागून टापा ऐकू आल्या.

"आडवी हो!" सिद्धलिंगनं तिला खाली ओढलं.

"अवं, एवढ्याशा गवतात कसं लपायचं?"

"दुसरं हाय काय हितं?"

भर दुपारी माती गार लागली. वारा पडलेला होता. तरी पाती हळूहळू वाकली, तिच्या पाठीवर टेकली, गंगीच्या अजून न भरलेल्या टाळूवर टेकली. ओल्या राखेसारखा वास आला.

घोडे जवळ येऊन थांबले. एका स्वाराचा रिकिबीतला पाय, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. स्वारानं वाकून पाहिलं. थेट तिच्या डोळ्यांत.

गंगी खुदकन हसली.

घोड्यानं कान टवकारले.

"कोई नहीं," स्वार म्हणाला. टापा लांब गेल्या.

तिन्हीसांजेला छावणी दिसली, तसा सिद्धलिंग वाटेतच मटकन खाली बसला आणि हसता हसता रडला. "सुटलो गं, जगदेवी. सुटलो."

छावणीत वाढायला उमाबाई होत्या. त्यांनी दोघांपुढं पिठलं-भाकरी ठेवली. पहिला घास पोटात गेला आणि जगदेवीला हुंदका फुटला. उमाबाईंनी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नका, बाई. जीव वाचला. त्यातल्या त्यात एक बरं, संगं लहान लेकरू न्हवतं."

जगदेवीच्या मांडीवरून गंगीनं हात लांबवला आणि उमाबाईंचा पदर मुठीत धरला.

"कशाला अडकला बाई," म्हणत उमाबाईंनी तो ओढून घेतला.