सुपारी फुटायच्या आधी

"यातल्या ऋतुजा मॅडम कोण?"

क्लासची वीज गेली होती. जिन्यात अंधार, बाहेर परतीचा पाऊस, आणि पायऱ्यांवर खोळंबलेल्या मास्तरणींच्या तोंडावर कुणी एक तरुण मोबाईलचा उजेड पाडत उभा. भूकंपानंतर ज्या लातुरात लोक वरचा मजला चढवायला भ्यायचे, तिथं आता पाच-पाच मजली क्लास उभे राहिले होते. त्यातल्याच एका इमारतीत ऋतुजा डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला बसणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवायची.

"मी ऋतुजा. आपण?"

"सुदर्शन. विजेच्या ऑफिसात इंजिनिअर हाय... आणि तुमचा आतेभाऊ."

बाकीच्या मास्तरणी खुदकन हसल्या. ऋतुजानं मात्र ते नाव ओळखलं.

वीज गेली की तक्रार करायला म्हणून या माणसाचा नंबर तिनं कधीतरी घेऊन ठेवला होता. पुढं पर्सनल लोनच्या फॉर्मवर एका नातेवाईकाचा नंबर मागितला. घरातल्या कुणाचा दिला असता तर बिंग फुटलं असतं. मग तिनं सरळ ठोकून दिलं, सुदर्शन, आतेभाऊ. आता हप्ते थकले होते आणि वसुलीवाल्यांनी आतेभावाला धरलं होतं.

सुदर्शननं तिला बाजूला बोलावलं. आवाज खाली आणला.

"दिवसातून चारदा फोन येऊन राहिलेत, मॅडम. बहिणीला समजावा म्हणतात. म्हटलं, बघावं तरी बहीण कशी हाय."

"चूक झाली माझी. मी... मी नंबर काढून टाकायला लावते."

"नंबर राहू द्या की. पण नातं तरी दुसरं लिहायचं होतं. आपल्याकडं आतेभावाला पोरगी देतात, ध्यानात हाय न?"

तिला राग आला, मग हसू आलं, आणि शेवटी रडूच कोसळलं. सुदर्शनची पार भंबेरी उडाली. पाऊस थांबेपर्यंत तो बिचारा "अहो मॅडम... अहो..." एवढंच म्हणत राहिला.

मग समोरच्या टपरीवर चहा झाला आणि तिनं सगळं ओकून टाकलं. भोकरला तिचे वडील शेषेराव चारचौघांत सांगायचे, 'माझी ऋतुजा लातूरला प्रोफेसर हाय, लाखाच्या घरात पगार उचलती.' खरा पगार त्याच्या पाव हिश्शाचाही नव्हता. पण अप्पांचा खुललेला चेहरा बघून तिची जीभ उचलली नाही. मग घरी फ्रिज गेला, भावाची फी गेली, आईच्या कानात सोन्याचे वेल आले... सगळं क्रेडिट कार्डावर. दर महिन्याला नुसती किमान रक्कम भरायची, व्याज वाढत राहायचं. पहिल्या कार्डाचं भरायला दुसरं कार्ड, आणि दोन्हींचं भरायला कर्ज. हुशार बाईनं असं करावं का? नाही करू. पण बापाच्या कौतुकापुढं भल्याभल्यांची हुशारी गळते.

"मी भरू का?" सुदर्शननं विचारलं. अर्धापूरला त्याची केळीची बाग होती, नोकरी पक्की होती, त्याला जड नव्हतं.

"नको. तुमचे घेतले तर तुमच्याकडं बघताना मला हप्ताच दिसेल."

"म्हणजे... एरवी बघणार आहात तर."

तिनं कप खाली ठेवला आणि चहाचे पैसे काढले. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्या त्यानं बघितल्या असाव्यात.

पैसे घेतले नाहीत, सोबत मात्र घेतली. बँकेत तो तिच्याशेजारी नुसता बसायचा, बोलायची तीच. साहेबासमोर पहिल्यांदा तिचा आवाज फुटेना. दुसऱ्यांदा तिनं ठणकावून सांगितलं, पळून जाणार नाही, पण झेपेल तेवढाच हप्ता बांधून द्या. दोन्ही कार्डं तिनं कात्रीनं कापली. स्कूटी विकली. रविवारी रिपीटरची, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या पोरांची, जादा बॅच घेतली. घरी मात्र अजून थापाच चालू होत्या. पगार अडकलाय, पुढच्या महिन्यात धाडते... अप्पांचा फोन आला की तास चालू आहे म्हणून ती लगेच ठेवून द्यायची.

संध्याकाळी सुदर्शन खोलीपर्यंत सोबत चालायचा. कधी चाफ्याचं फूल, कधी बागेतली केळी, कधी नुसतीच बडबड. एकदा कोपऱ्यावर थांबून तो म्हणाला,

"मॅडम, एक विचारू? माझ्याशी... लग्न कराल का?"

ओठांवर आलेलं 'हो' तिनं गिळलं.

"आत्ता हो म्हटलं तर मलाच कळायचं न्हाई, हो कुणी म्हटलं ते. मी म्हटलं का माझ्या कर्जानं म्हटलं."

"असं कुठं असतंय?"

"माझं असंच हाय. कर्ज फिटू द्या. मग विचारा."

पण थांबणं सुदर्शनच्या स्वभावातच नव्हतं. त्यानं घरी आईजवळ नाव काढलं, आईनं भोकरला निरोप धाडला, आणि एका दुपारी शेषेरावांचा आनंदानं फाटलेला आवाज ऋतुजाच्या कानात शिरला.

"रविवारी ये पोरी! अर्धापूरचे पाव्हणे सुपारी फोडायलाच येऊन राहिले!"

तिनं तडक सुदर्शनला फोन लावला. "मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बँकेला विचारा."

"चेष्टा नको!"

"ऐका तर... तिथं कर्जाचं काही बोलू नका. सुपारी फुटली की झालं. लग्नानंतर दोघं मिळून फेडू. कुणाला कळायचं बी न्हाई."

तिनं फोन ठेवला. लग्न व्हावं असं तिला वाटत होतं, जिवापासून वाटत होतं. म्हणूनच भीती वाटत होती.

रविवारी भोकरच्या घरात बैठक भरली. पाटावर नारळ, हळदकुंकू आणि मधोमध सुपारी. एकदा ती फुटली की शब्द दिला गेला, मग माघार नाही. मध्यस्थ लिंबाजीमामा बत्ता घेऊन बसले होते. समोर सुदर्शन, त्याची आई उमाबाई, आणि शेषेरावांच्या तोंडाला खळ नव्हती.

"देणंघेणं कशाला बोलता? पोरगीच लाखाची हाय. हा फ्रिज बघा, तिनंच घेतला. पोराची फी, मालकिणीच्या कानातलं... समदं तिच्या पगारातनं!"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली ऋतुजा हे ऐकत होती. मामांनी बत्ता उचलला. सुदर्शननं तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, बोलू नको.

"मामा, थांबा."

आवाज तिचा तिलाच परका वाटला. सगळ्या माना वळल्या.

"अप्पा सांगतात तेवढा माझा पगार न्हाई. हे समदं मी उधारीवर घेतलंय. कार्डाचं देणं झालं, ते फेडायला कर्ज काढलं, आणि ते अजून वर्षभर तरी फिटायचं न्हाई. हे लपवून सुपारी फुटली तर मला आयुष्यभर नीट झोप लागायची न्हाई."

शेषेरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी मागितलं व्हतं का तुला?"

"न्हाई अप्पा. तुम्ही गावात सांगत गेलात, अन् मी ते खरं करत सुटले."

बापानं फ्रिजकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मग तशाच खालच्या मानेनं म्हणाला, "आजपास्नं घरी एक रुपया धाडायचा न्हाई. गावात मीच सांगतो, पगार किती हाय ते." ऋतुजाची आई तुळजाबाई दाराआड कानातले वेल चाचपत डोळे पुसू लागली.

उमाबाई लेकाकडं वळल्या. "तुला ठाव व्हतं?"

"...व्हतं. गप बस म्हणून मीच सांगितलं तिला."

"म्हंजे आम्हाला फसवायला निघालता तू. ती न्हाई." त्यांनी पाटावरची सुपारी उचलली आणि ऋतुजाला समोर बसवलं. "पोरी, आज सुपारी फुटत न्हाई. कर्ज तुझं हाय, तूच फेड. फिटल्यावर आम्ही येऊ का न्हाई, त्याचा बी शब्द आज देत न्हाई. फकस्त एक सांग. हा पोरगा तुला पसंत हाय का?"

ऋतुजानं सुदर्शनकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरलेला, नजर सतरंजीवर. जिन्यातल्या त्या अंधारापासून हा माणूस तिला आवडत आला होता, आणि प्रत्येक वेळी तिनं स्वतःवरच संशय घेतला होता. आज संशयाला जागा उरली नव्हती. लग्न पुढं ढकललं होतं, कदाचित मोडलंही होतं. हो म्हणून एकही हप्ता कमी होणार नव्हता, पदरात काहीसुद्धा पडणार नव्हतं.

"हाय," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. "लई पसंत हाय. अन् हे मीच म्हणून राहिले."

सुदर्शननं झटकन मान वर केली. "मी थांबतो! वर्ष काय, दोन वर्षं..."

"तुला कोण विचारून राहिलंय?" उमाबाई कडाडल्या.

लिंबाजीमामांना हसू आवरेना. बैठकीत पहिल्यांदा कुणीतरी मोकळा श्वास घेतला. सुदर्शन तांबडालाल होऊन पुन्हा सतरंजीकडं बघू लागला, आणि ऋतुजा डोळे पुसत पुसत हसत राहिली. उद्या हप्त्याची तारीख होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिला त्या तारखेची भीती वाटत नव्हती.